घोडं कुठे अडतं?

स्पॅनिश भाषेत आळसासाठी शब्दांची ददात नाही. नुसतंच वेळ काढत हिंडायचं असेल तर 'वागेआर', कामाच्या वेळी हातावर हात ठेवून बसायचं असेल तर 'ओल्गाथानेआर', आणि त्यात थोडा तिरस्कार मिसळायचा असेल तर 'आरागानेआर'. या गर्दीत मागे पडलेलं एक क्रियापद आहे: 'आरोनेआर'. स्पॅनिश अकादमीच्या कोशात ते अजून सापडतं. आळसावणे, ढिलेपणाने, रेंगाळत चालणे असा त्याचा अर्थ. बोलण्यातून मात्र ते केव्हाच उठलं आहे. आमच्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये परदेशी ग्राहकांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून मोबाइलवर स्पॅनिश शिकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या धड्यांत हे क्रियापद येणार नाही, आणि आलं तरी माद्रिदमधला माणूस ते ऐकून चक्रावेल.

ते ज्या विशेषणावरून आलं तो 'आरोन' शब्द अरबी 'हरून'चा वंशज. आठव्या शतकापासून १४९२ पर्यंत स्पेनच्या लहानमोठ्या भागावर अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं आणि घोडे, पाणी, शेती, हिशेब यांतले कितीतरी शब्द त्या काळात स्पॅनिशमध्ये मुरले. 'हरून' म्हणजे चालता चालता मध्येच पाय रोवून उभं राहणारं, टाच मारली तरी न हलणारं जनावर. (बगदादच्या खलिफाचं नाव हारून, त्याचा याच्याशी संबंध नाही.) आधी अडणारा घोडा, मग मंद घोडा, मग मंद माणूस आणि शेवटी त्या माणसाच्या वागण्याचं क्रियापद, असा हा प्रवास.

मराठी वाचकाला हा प्रवास ओळखीचा वाटेल, कारण आपली तट्टंही त्याच वाटेने गेली आहेत. 'अडेलतट्टू' आज हट्टी माणसाला म्हणतात, 'चुकारतट्टू' कामं टाळणाऱ्याला. दोन्ही शब्द ऐकताना आता घोडा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ज्या मुलखात भीमथडीच्या तट्टांवर स्वाऱ्या झाल्या, तिथे माणसाची पारख करायला घोड्यांचे शब्द वापरले गेले यात नवल नाही. काम कशामुळे खोळंबलंय हे विचारताना आपण अजूनही घोडं कुठे पेंड खातंय असंच विचारतो.

पण घोडा अडतो का? घोडी पाळणाऱ्यांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना हा प्रश्न रोजचा आहे, आणि त्यांच्या उत्तरात आळस फार खाली येतो. खोगीर नीट बसलेलं नसतं आणि पाठ सोलवटलेली असते. नाल चुकीचा ठोकलेला असतो. लगाम तोंडात टोचत असतो, दात दुखत असतात. पुढे पाणी किंवा पूल असतो आणि त्याची भीती वाटते. किंवा जनावर थकलेलं असतं, इतकंच. यातलं काहीही घोड्याला सांगता येत नाही. त्याचं थांबणं कशामुळे हे ठरवतो स्वार, आणि स्वाराला पुढे जायची घाई असते. शब्दही स्वाराच्याच तोंडून कोशात जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आळसाचे शब्द स्वारांनी घडवले आहेत. थांबणाऱ्याने स्वतःसाठी क्वचितच शब्द केला असेल. म्हणून असा प्रत्येक शब्द उचलून त्याच्या खाली कोण दबलंय हे पाहण्यासारखं असतं.

आपल्या 'ऐदी'चंच घ्या. आज ऐदी म्हणजे इकडची काडी तिकडे न करणारा. मूळ शब्द अरबी-फार्सी 'अहदी', आणि त्याच्या मुळाशी 'अहद' म्हणजे एक, एकटा. अकबराने काही स्वारांना कोणत्याही अमीर-उमरावाच्या हाताखाली न देता थेट स्वतःच्या पदरी ठेवलं, ते अहदी. त्यांचा दिवाण वेगळा, बक्षी वेगळा. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा पगार महिना पाचशे रुपयांच्या वर जात असे असं त्यात नोंदवलं आहे. त्या काळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. म्हणजे ऐदी हा मूळचा बादशहाच्या खास विश्वासातला घोडेस्वार.

तो आळशी कसा झाला? काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने काढलेल्या 'हिंदी शब्दसागर' या कोशात कारण दिलंय. मोठा प्रसंग आला तरच या लोकांना कामाला लावत. एरवी ते बसून खात. पण पुढची नोंद जास्त गमतीची आहे. जे जमीनदार सारा द्यायला टाळाटाळ करत, त्यांच्याकडे वसुलीला अहदी पाठवत. ते जाऊन दारात ठिय्या देत आणि पैसे मिळाल्याशिवाय उठत नसत.

म्हणजे बसणं हेच त्यांचं काम होतं! आपल्याकडेही सावकार आणि देणेकरी यांच्यात 'धरणं' धरायची रीत होती. दारात बसून राहणाऱ्या माणसाचा दबाव काय असतो हे ज्याच्या दारात तो बसतो त्यालाच कळतं. बादशाही संपली, दारातला दबाव संपला, आणि लोकांच्या आठवणीत फक्त बसलेला माणूस उरला. बोराच्या झाडाखाली पडलेला, छातीवर पडलेलं बोर कोणीतरी तोंडात घालावं म्हणून वाटसरूला हाक मारणारा ऐदी उत्तरेतल्या गोष्टींत आहे, तो या घसरणीच्या शेवटच्या पायरीवरचा. खास पगार घेणाऱ्या शिपायाचा असा कचरा करण्यात सामान्य माणसाने थोडा सूडही उगवला असणार.

आता परत स्पॅनिशकडे. आरोनेआरपेक्षा मोठं घराणं आहे 'ओल्गार'चं. हेही आता जुनाट क्रियापद. त्याच्या मुळाशी लॅटिन 'फोलिस' म्हणजे भाता आहे, लोहाराचा असतो तो. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'फोलिकारे' झालं: भात्यासारखा श्वास घेणं, धापा टाकणं. चढ चढून आलेला माणूस वर पोचल्यावर कमरेवर हात ठेवून जे करतो ते. स्पॅनिशमध्ये जुन्या लॅटिन शब्दांतला सुरुवातीचा 'फ' पुढे 'ह' झाला आणि तो 'ह'ही कालांतराने मुका झाला; म्हणून फोलिकारेचं ओल्गार. अर्थही तसाच सरकत गेला. दम खाणं, मग विसावणं, मग मोकळं असणं, मग काहीच न करणं. त्याच मुळावर 'ओल्गाथान' म्हणजे आळशी हा शब्द उभा राहिला आणि त्यावरून वर आलेलं 'ओल्गाथानेआर'.

या घराण्यातली भावंडं पाहिली की अर्थ कुठे कुठे फुटला हे दिसतं. 'ओल्गादो' म्हणजे सैल, ऐसपैस. सदरा ओल्गादो असतो आणि खाऊनपिऊन सुखी माणूसही. दक्षिण स्पेनमध्ये तो जुना 'ह' खरखरीत उच्चारात टिकला आणि 'ख्वेर्गा' शब्द निघाला, म्हणजे रात्रभराची धमाल. 'वेल्गा देथीर' हा वाक्प्रयोग भाषणांत आणि अग्रलेखांत अजून जिवंत आहे. वेगळं सांगायला नकोच, शब्दशः सांगणंच विसावतं, असा त्याचा अर्थ. शब्दही विश्रांती घेतात म्हणायचे. आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं भावंड 'वेल्गा'. आधी अर्थ विसावा, एकोणिसाव्या शतकात अर्थ झाला संप. स्पेनमध्ये किंवा लॅटिन अमेरिकेत कारखाना बंद पडतो तेव्हा फलकावर जो शब्द असतो, तो मुळात दम खाण्याचा शब्द आहे.

स्पॅनिश लोक आळशी, हा आरोप युरोपात जुना, आणि तो स्वतः स्पॅनिश लेखकांनीही चवीने चघळला. मारियानो होसे दे लारा या पत्रकाराने १८३३ मध्ये एक लेख लिहिला. नावाचा अर्थ 'उद्या या'. त्यात एक फ्रेंच गृहस्थ पंधरा दिवसांत वडिलोपार्जित हक्क, कागदपत्रं, गुंतवणूक असं सगळं उरकून परतायच्या बेताने माद्रिदला येतो, आणि प्रत्येक दारात त्याला तेच उत्तर मिळतं. सहा महिन्यांनी तो हात हलवत परत जातो. शेवटी लेखक कबूल करतो की हा लेखसुद्धा आपण तीन महिन्यांहून जास्त काळ उद्यावर टाकत आलो. आपल्या तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही तो लेख परका वाटणार नाही. मात्र लाराने एक गोष्ट बरोबर पकडली आहे. 'उद्या या' म्हणणारा माणूस खुर्चीत बसलेला आहे. त्याच्यासाठी आळसाची शिवी कोणी तोंडावर वापरत नाही. त्याला दिरंगाई म्हणतात. फार्सीतून आलेला, कागदावर शोभणारा शब्द.

अंगमेहनत करणाऱ्याच्या वाट्याला येतात ते शब्द वेगळे. 'पाट्या टाकणे' घ्या. आता ऑफिसात लॅपटॉपसमोर बसून मन न लावता काम करणाऱ्यालाही आपण म्हणतो, नुसत्या पाट्या टाकतोय. चित्र मात्र डोक्यावरून माती वाहणाऱ्या मजुराचं आहे. 'वेठ मारल्यासारखं' काम म्हणजे कसंतरी उरकलेलं काम, आणि वेठ म्हणजे मोबदला न देता, धाकाने करून घेतलेले श्रम. संस्कृत 'विष्टी'पासून आलेला हा शब्द. फुकट राबवून घेतलेल्या माणसाने ओझं कसंतरी नेऊन टाकलं, तर भाषेने त्याचा निष्काळजीपणा लक्षात ठेवला. राबवणाऱ्याची जबरदस्ती त्याच शब्दात पुरली गेली आहे, खणली तर सापडते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात हेच प्रत्यक्ष घडलं. सरकारने दुष्काळी कामं काढली होती: रस्ते, तलाव, खडी फोडणं, माती वाहणं. रिचर्ड टेंपल हा अधिकारी पाहणीला आला आणि जानेवारी १८७७ मध्ये मजुरी कमी करण्यात आली. पुरुषाला दिवसाला एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि एक आणा. बाई आणि मुलांना त्याहूनही कमी. आधी धान्य दीड पौंड मिळत होतं. कारण काय, तर जास्त दिलं तर लोकांना सरकारवर अवलंबून राहायची सवय लागेल. उपाशी माणूस खडी फोडायला आला, आणि चिंता त्याच्या आळसाची! मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी यावर उत्तर दिलं ते मोठ्या संख्येने कामं सोडून. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेली सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी सरकारकडे अर्जांवर अर्ज करत राहिले. खपाटीला गेलेल्या पोटांनी केलेलं हे थांबणं 'वेल्गा'च्या दोन्ही अर्थांत बसतं. दम संपला होता, आणि तो संपही होता.

मराठी 'संप' शब्दाची वाट मात्र उलटी आहे. जुन्या मराठीत संप म्हणजे एकमत, जूट. गुजरातीत आजही 'संप' म्हणजे ऐक्य. स्पॅनिश मजुराने थांबण्याला नाव दिलं ते विसाव्याचं, आपल्याकडच्याने दिलं ते एकजुटीचं. मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण तो थांबणाऱ्यांनी स्वतः केलेला वाटतो.

आणि विसावा? तोही मागूनच घ्यावा लागला. मुंबईच्या गिरण्यांत ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. सणावारी किंवा यंत्रं साफ करायला गिरणी बंद राहील तेव्हाच उसंत. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. गिरणीतला कारभार त्यांनी नोकरीत असताना आतून पाहिला होता. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचल्या की त्यांचा साधेपणा जाणवतो. आठवड्याला एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पंधरा तारखेपर्यंत मिळावा. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं लोखंड्यांनी सांगितल्याची आठवण सांगितली जाते. गिरणगावातला बहुसंख्य कामगार ज्या देवाला मानतो त्याच्या नावावर सुटी मागण्यात चातुर्यही होतं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. भरधाव घोड्यांच्या मैदानात थांबायचा हक्क मागितला गेला, हा योगायोगच. मेक्सिकोत रविवारला जोडून सोमवारीही कामाला दांडी मारायची रीत इतकी रुळली होती की त्या दिवसाला 'सान लुनेस' म्हणजे संत सोमवार असं थट्टेने म्हणत. आमच्या लोखंड्यांनी एकच दिवस मागितला.

ओल्गारचा सख्खा भाऊ पोर्तुगीजमध्ये 'फोल्गार'. तिथे 'फ' गेला नाही, आणि 'फोल्गा' म्हणजे साप्ताहिक सुटी. पण पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांतून गोव्यात जो शब्द रुजला तो दुसरा: 'सोसेगादो'वरून 'सुशेगाद'. त्याच्या मुळाशी बसण्यासाठीचा लॅटिन धातू आहे. स्थिर बसलेला, शांत झालेला, असा मूळ अर्थ. कोंकणीत तो समाधानाचा शब्द आहे. बाहेरच्यांनी त्याचा आधी टोमणा केला आणि मग पर्यटनाची जाहिरात. गोंयकाराला तो टोमणा लागतो, आणि लागणारच. गोव्यातले तारवटी पिढ्यान् पिढ्या बोटींवर खलाशी, आचारी, खानसामे म्हणून जगभर राबले. जहाज मिळेपर्यंत मुंबईच्या धोबीतलावात गावागावाच्या 'कुडां'त, म्हणजे सामाईक खोल्यांत, पेटीला पेटी लावून राहिले. अशा माणसाला म्हातारपणी घरच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, दुपारी बसलेलं पाहून पर्यटक जातो आणि सांगतो, काय निवांत लोक आहेत! त्याने आयुष्यातला शेवटचा तास पाहिलेला असतो.

बंगळुरात सुशेगाद माणूस शोधायला कष्ट पडतात. एचएसआर, म्हणजे होसूर-सर्जापूर रोड लेआउट, सात सेक्टरांत आखलेली वस्ती. बागा, मोठी झाडं, कडेला अगर तलाव, आणि घराघरांतून, दुकानांच्या माडीवरून चालणाऱ्या स्टार्टअप कंपन्या. दमणं इथे थोडं मिरवायचीही गोष्ट आहे. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा इथल्या कॉफीच्या टेबलांवर निम्म्यांनी आम्ही करतोच असं सांगितलं आणि उरलेल्यांनी घड्याळ पाहिलं. २०२४ च्या जुलैत आयटी क्षेत्रात दिवसाला १४ तासांपर्यंत कामाची मुभा देणारा प्रस्ताव कर्नाटक सरकारसमोर आल्याची बातमी आली आणि कर्मचारी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. लोखंड्यांची साडेसहा ते सूर्यास्त ही मागणी त्या मानाने उदार म्हणायची.

इथे राहून कन्नडमधला एक शब्द कानावर पडला आणि मी चमकलो: 'मैगळ्ळ'. मै म्हणजे अंग, कळ्ळ म्हणजे चोर. आपला 'अंगचोर' अक्षरशः. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी आणि कन्नड या गावात एकमेकींच्या शेजारी आहेत, आणि त्याआधीही शतकानुशतकं दख्खनभर होत्या. कोणी कोणाकडून घेतलं हा प्रश्न मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. शब्दाची रचना पाहा. माणूस स्वतःचंच अंग चोरतो. आता स्वतःच्या वस्तूची चोरी होत नाही. चोरी होते दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची. तेव्हा ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याच्या हिशेबात ते अंग कामाला लावणाऱ्याचं होतं. आळसाच्या सगळ्या शब्दांत इतका उघड कबुलीजबाब दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

एचएसआरच्या सत्ताविसाव्या मेन रोडवर रात्री नऊनंतर खाण्याच्या दुकानांबाहेर डिलिव्हरीवाले स्कूटरला टेकून बसलेले असतात. हुबळी, कलबुर्गी, बेळगाव, आणि ओडिशा-आसामपर्यंतचे. वाट पाहणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग असतो आणि पैसे साधारणपणे ऑर्डर पोचवण्याचे मिळतात. बसलेला वेळ त्यांचा स्वतःचा नसतो, आणि कामाचाही धरला जात नाही. ऑर्डर नाकारली की ॲपवर टक्केवारी खाली येते. इथे स्वार समोर दिसत नाही, टाच मात्र लागते. ते चिडतात तेव्हा संपही त्याच यंत्रातून करतात: सगळ्यांनी मिळून ॲप बंद ठेवायचं. फाटक नाही, फलक नाही. पडद्यावर एवढंच दिसतं की इतके जण 'ऑफलाइन' आहेत; दमून झोपलेला, आजारी पडलेला आणि संपावर गेलेला, तिघांना तो एकच शब्द.

कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. कंपनीने प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क भरायचं, आणि कोणाला कामावरून काढायचं तर लेखी कारण देऊन १४ दिवस आधी कळवायचं, अशा तरतुदी त्यात आहेत. घोडं का अडलं, याचं कारण आता स्वाराला कागदावर लिहून द्यावं लागेल, आणि ते खोटं असेल तर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला भांडता येईल.